सोडा ना त्याला समुद्रात!

पाच मिनिटांत सातव्यांदा हेच ऐकत होते. या वेळी म्हणणाऱ्या बाई पुण्याहून सहलीला आलेल्या होत्या. अंगात रेनकोट, हातात मोबाइल आणि डोळ्यांत खरंच पाणी. "अहो ताई, रडतंय बघा ते! किती छळताय? सोडा ना त्याला समुद्रात!"

ते रडत नव्हतं. समुद्री कासवाच्या डोळ्यांजवळ ग्रंथी असतात, अंगातलं जादा मीठ त्यातून बाहेर पडतं. पाण्यात कुणाला ते दिसत नाही, वाळूवर आलं की डोळ्यांतून चिकट धार लागलेली दिसते. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. पण एकदा रडणं दिसलं की माणसाला मीठ दिसत नाही.

जुलैचा तिसरा आठवडा, रविवार. सकाळी साडेसहाला कर्द्याहून एका टपरीवाल्या काकांचा फोन आला, "ताई, कासव लागलंय किनाऱ्याला, जाळ्यात गुरफटलंय. लवकर या, लोक जमायला लागलेत." त्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. जनावरापाशी पोचायला उशीर झाला तर एक वेळ चालतं, लोकांच्या आधी पोचायला हवं.

आमची संस्था म्हणजे अडीच माणसं आणि एक जुनी ओम्नी. अर्धा माणूस म्हणजे कॉलेज सांभाळून येणारा मुलगा. वर्षभराचं काम विचाराल तर नव्वद टक्के वेळ गाडीखाली आलेली कुत्री, प्लास्टिक खाऊन पोट फुगलेल्या गायी, बरणीत तोंड अडकलेली मांजरं आणि पावसाळ्यात घराघरांतले साप. देणगी मागायला कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो लागतो, आलेली देणगी जाते पेट्रोलात. कासव वर्षाकाठी चार-पाच वेळा येतं, तेही बहुतेक पावसाळ्यातच. समुद्रातून वाहून आलेली जाळी नि दोरखंड यांत अडकून थकलेली कासवं नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा किनाऱ्याला आणून टाकतात.

हे ऑलिव्ह रिडले होतं, मादी, अंदाजे पस्तीस किलोची. पाठीवर हिरवं शेवाळ आणि कालवांसारखी बारीक बारीक बार्नॅकल चिकटलेली. एवढी बार्नॅकल म्हणजे बिचारी कित्येक दिवस नुसती तरंगत होती, पोहत नव्हती. डाव्या पुढच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, निळ्या नायलॉनच्या जाळ्याचे वेढे, त्याला अजून एक थर्माकोलचा बोया लटकलेला. सुटे धागे मी बोथट टोकाच्या कात्रीने कापले. पण खांद्याजवळचा एक वेढा मांसात इतका रुतला होता की त्यावर कातडी चढायला लागली होती. त्याला किनाऱ्यावर हात लावायचा नाही, असं आमच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. तो सुटला आणि रक्त वाहायला लागलं तर वाळूत बसून आपण काहीच करू शकत नाही.

मग पोराने ओम्नीतलं जुनं टायर आणलं. त्यावर कासव ठेवलं की पोटावर भार येत नाही आणि ते पुढे सरकतही नाही. पाठीवर ओला टॉवेल टाकला, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. आणि वनरक्षकांना फोन केला. कारण 1972 च्या वन्यजीव कायद्यात समुद्री कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वनविभागाला न कळवता आम्हीसुद्धा ते हलवू शकत नाही.

तोवर पन्नासेक माणसं जमली. एका आजींनी हळद आणली, जखमेत भरायला. त्यांना हळद तिथेच थांबवायला लावली तर त्यांनी चिमूटभर कासवाच्या पाठीवर वाहिली आणि हात जोडले. देवळात गाभाऱ्यासमोर रोज ज्याला नमस्कार करायचा, ते दारात आलेलं. त्याला मी काय बोलणार? एक तरुण बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतायला निघाला. त्याच्यावर मात्र ओरडले. थकलेल्या कासवाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. हो, फुप्फुसात. कासवाला कल्ले नसतात, ते आपल्यासारखीच हवा घेतं. धडधाकट असेल तर दर थोड्या वेळाने वर येऊन श्वास घेतं आणि परत खाली जातं. अंगात त्राण नसेल तर समुद्रातच बुडून मरतं.

कासव बुडतं, हे कुणालाच पटत नाही.

यात लोकांचा दोष आहे असंही मला वाटत नाही. आपल्या किनाऱ्याला कासव कसं ठाऊक झालं? वेळास गावामुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून तिथे घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव आला, मग आंजर्लेही गर्दीचं झालं. पहाटे घरट्यावरची टोपली उचलली जाते, तळहाताएवढीही नसलेली पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघतात, लाट येते आणि घेऊन जाते. लोक गहिवरतात, मीही दर वर्षी गहिवरते. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की कासव नि समुद्र यांची भेट घालून दिली की आपलं काम झालं. पिल्लांपुरतं ते बरोबरच आहे. फेब्रुवारीचं जुलैत चालत नाही, एवढंच.

हे मी शहाणपणाने सांगतेय, पण मला ते कसं कळलं तेही सांगायला हवं. कामावर रुजू झाले त्या पहिल्याच पावसाळ्यात केळशीच्या बाजूला असंच एक कासव लागलं होतं. जाळं सोडवलं आणि आम्ही पाच-सहा जणांनी त्याला कमरेएवढ्या पाण्यात नेऊन ढकललं. लाटेत दिसेनासं झालं तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला, आंजर्ल्याच्या बाजूला तेच कासव मेलेलं सापडलं. पाठीच्या कडेला बोटीच्या पंख्याने पडलेली खाच होती, म्हणून ओळखलं. त्या टाळ्यांचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहे. फोन दोनदा बदलला, तो तेवढा दरवेळी नव्या फोनमध्ये घेते.

वाद घालायला सगळ्यात चिवट निघाले हर्णैचे एक तांडेलकाका, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके. पावसाळी बंदीमुळे होडी वर ओढलेली, म्हणून लेकीकडे आले होते. "बाय, आमची जिंदगी दर्यात गेली. तू मला कासव शिकवतस? गेल्या साली जाल्यात सापडलं तवा जालं फाडून सोडलं, सरकारने पैसे पन दिले."

त्यांचं खरं होतं. दुर्मीळ जीव जाळं कापून सोडला तर मच्छीमारांना पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते, 2018 च्या अखेरीस ही योजना आली. म्हटलं, "काका, तुम्ही सोडलंत ते ताजं सापडलेलं, दमातलं. हे बघा." आणि परावरचा टॉवेल बाजूला केला. ते उकिडवे बसले. वास आलाच असणार. बराच वेळ त्या वेढ्याकडे बघत राहिले. जाळ्याची गाठ त्यांनी ओळखली असावी, पण त्यावर काही बोलले नाहीत.

"गनपतीपुल्याला देवमासा न्हेला ना खोल पान्यात?" आवाज आता खाली आला होता.

"त्याला नेणं भागच होतं. देवमासा वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली चिरडतो. आणि नेऊनही कुठे वाचलं ते पिल्लू?" नोव्हेंबर 2023 मध्ये त्या पिल्लासाठी माणसांनी जिवाचं रान केलं होतं. "हिला ओल्या टॉवेलाखाली दिवसभर काही होत नाही. पाण्यात घातलं तर मात्र आज रात्रीच जाईल."

काका उठले आणि गर्दीकडे वळून ओरडले, "चला, मागं व्हा सगले! हवा येऊ द्या तिला!" माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने जे झालं नव्हतं ते एका हाकेत झालं. पुण्याच्या बाईसुद्धा मागे सरल्या.

वनरक्षक आले, पंचनामा झाला, वरून परवानगी यायला दुपार झाली. मग ओम्नीची मागची सीट काढून, टायरासकट कासव, वर टॉवेल. मंडणगड, महाड, पनवेल करत डहाणूच्या उपचार केंद्राकडे. दर तासाला थांबून टॉवेल भिजवायचा आणि टॉर्च लावून बघत बसायचं, मान वर येते का. निवांत कासव श्वास इतक्या वेळाने घेतं की दरवेळी वाटतं, संपलं. महाडच्या पुढे एका पेट्रोल पंपावर मी घड्याळ लावून बसले होते, तेव्हा पंपावरचा मुलगा शेजारी येऊन बसला आणि तोही काही न विचारता श्वास मोजायला लागला.

पुढचं थोडक्यात सांगते. पर खांद्यापासून काढावा लागला. तीन परांवर कासव जगू शकतं, सोडताही येतं, पण आधी त्याला बुडी मारता आली पाहिजे. हिच्या अंगात हवा साठली होती, त्यामुळे टाकीत टाकलेल्या बुचासारखी एका अंगावर कलंडून वर तरंगायची.

तांडेलकाकांनी माझा नंबर घेतला होता. रोज संध्याकाळी सातला फोन, एकच प्रश्न, "खाली गेली का?" मी डहाणूला विचारायचे आणि त्यांना सांगायचे, नाही. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी मीच आधी फोन केला. म्हटलं, काका, आज तळाला गेली, चांगली बसून राहिली, आणि वर येऊन दोन बांगडे खाल्ले.

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

"बांगडे?" काका म्हणाले. "या दिसांत? आमाला मिलत नाय, नि तिला दोन दोन!"