आयर्विन पूल पातळी, नोंद ५,६१२: हॅश एका अक्षराने वाढला

परवा रात्री आलेख उघडला तर कृष्णामाई जिन्याच्या पायऱ्या उतरत होती. ३२, ३२, ३१, ३१. दशांश गायब!

पद्धत जुनीच आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी दिवसातून तीनदा पातळी बघायची, पुरात तासातासाला. नोंदी गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवतो: प्रत्येक नोंदीची एक कमिट (जतन केलेली आवृत्ती), संदेशात नुसता आकडा. आलेखाची स्क्रिप्ट गिट लॉगच्या वनलाइन यादीतल्या (एका ओळीत एक कमिट) प्रत्येक ओळीची पहिली ७ अक्षरं हॅश म्हणून, म्हणजे कमिटच्या ओळखखुणेचं छोटं रूप म्हणून, उचलते, एक जागा सोडते आणि पुढची ४ अक्षरं पातळी समजते. हसा.

त्याच संध्याकाळी गिट जीसी (आवराआवर करणारी आज्ञा) चालवलं होतं. यादी बघितली, तर एकूण एक हॅश ८ अक्षरी. सगळं एक घर सरकलं, ‘३२.४’ ऐवजी ‘ ३२.’ हाती आलं आणि पायथॉनने ते निमूट ३२.० म्हणून गिळलं. एखादी एरर तरी द्यायची!

२०१६ मधल्या २.११ आवृत्तीपासून गिट छोट्या हॅशची लांबी रेपोच्या (सगळ्या साठ्याच्या) आकारावरून ठरवतं, किमान ७. सात हेक्स (१६ चिन्हांच्या) अंकांचे २६.८ कोटी प्रकार होतात, पण दोन ऑब्जेक्टांची (गिटने साठवलेल्या घटकांची) टक्कर, म्हणजे दोघांचा छोटा हॅश एकच, व्हायचा धोका त्याच्या वर्गमुळापाशीच, म्हणजे १६,३८४ ला, डोकं वर काढतो. तिथे गिट ८ वर जातं. माझ्या एका कमिटमागे ब्लॉब (फाइलचा मजकूर), ट्री (फाइलींची यादी) आणि कमिट अशी ३ ऑब्जेक्टं. ५,६१२ गुणिले ३ म्हणजे १६,८३६. मग हद्द ओलांडल्याचं आधी का कळलं नाही? कारण हा अंदाज फक्त पॅकमधली (गठ्ठा बांधून ठेवलेली) ऑब्जेक्टं मोजतो, सुटी धरतच नाही. जीसीने सुटी पॅकमध्ये भरली आणि बिंग फुटलं.

आता फॉरमॅट देऊन पूर्ण ४० अक्षरी हॅशच घेतो. दाखवायला १२ ठेवलेत; लिनक्स कर्नलवाले कमिटचा हवाला देताना तेवढेच लिहितात, मर्क्युरियल या गिटसारख्याच सॉफ्टवेअरचा छोटा हॅशही तेवढाच.

एक गंमत राहिली. गेल्या जुलैतला एक बिंदू कधीपासून ३८.० दाखवत होता, वहीत मात्र ३८.९. सगळ्या ऑब्जेक्टांची पहिली ७ अक्षरं काढून जुळी शोधली. एकच जोडी निघाली: ती जुलैची कमिट आणि नंतरचा कुठलासा ब्लॉब. दोन्ही वेगळी ओळखू यावीत म्हणून गिटने तेवढ्या एका ओळीतला हॅश तेव्हाच ८ अक्षरी केला होता. वहीत मी त्या आकड्यापुढे ‘टाइप करताना चुकलो’ असं लिहून ठेवलं होतं. ते काल खोडलं.