खोडलेलं उत्तर

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, त्याचेच पैसे मिळतात. मागच्या वर्षी एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर ‘स्वतःला ओळखा’ छापाची एक चाचणी सोडवली आणि पुढचे कित्येक महिने मला त्या चाचण्यांचा नादच लागला.

सुरुवात अर्थातच मायर्स-ब्रिग्जपासून, म्हणजे तुमचा स्वभाव चार इंग्रजी अक्षरांत सांगणारी चाचणी. निकाल आला आयएनएफजे. ‘तुम्ही आतून खूप खोल आहात, पण लोकांना तुम्ही पटकन कळत नाही.’ वाचून मला चक्क भरून आलं. दीड महिन्याने पुन्हा सोडवली, तर आयएसटीजे! चारातली दोन अक्षरं बदललेली. दीड महिन्यात माझा स्वभाव पालटला नव्हता, फक्त डोक्यावरचं एक जाडजूड पुस्तक छपाईला गेलं होतं. मग कळलं की ही चाचणी मधोमध रेघ मारते. माणसांची उंची मोजायची सोडून त्यांना ‘उंच’ आणि ‘बुटके’ अशा दोनच रांगांत उभं करावं, तसं. मी रेघेच्या आसपासच घुटमळणारी, त्यामुळे कधी या रांगेत, कधी त्या.

आणि ते भरून येणं? त्याचाही उलगडा झाला. 1948 साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ वर्णन दिलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं, बरंचसं एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. ते किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. म्हणजे माझे डोळे पाणावले त्यात विशेष काही नव्हतं.

यानंतर मी जरा अभ्यासू चाचण्यांकडे वळले. ‘बिग फाइव्ह’ मला आवडली, कारण ती शिक्का मारत नाही, स्वभावाच्या पाच पट्ट्यांवर तुम्ही कुठे आहात एवढंच सांगते. मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 सालची स्वाभिमान मोजणारी चाचणी तर जेमतेम दहा वाक्यांची. तीत निम्मी वाक्यं सुलट आणि निम्मी उलट आहेत. मला आधी वाटलं छापण्यात घोळ झालाय, पेन्सिल उचललीसुद्धा! पण ते मुद्दाम असतं. काही जण सगळ्यालाच ‘हो, हो’ म्हणत सुटतात, त्यांना तिथे ठेच लागावी म्हणून.

खरी ठेच मला दुसरीकडे लागली. क्राउन आणि मार्लो यांची 1960 सालची 33 विधानांची एक चाचणी आहे. बरोबर की चूक, एवढंच सांगायचं. ‘मी आजवर कुणाचाही मनापासून तिरस्कार केलेला नाही’ अशा अर्थाचं एक विधान होतं, मी ऐटीत ‘बरोबर’ लिहिलं. अशी बरीच लिहिली. शेवटी समजलं की ती चाचणी चांगुलपणा मोजतच नाही. आपण चांगले दिसावं याची हौस किती, ते मोजते. खोलीत मी एकटी होते. कुणासमोर चांगलं दिसायचं होतं मला?

मग भावाला म्हटलं, माझ्याबद्दलचा कागद तू भर. (असं करण्यामागे आधार आहे. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांनी 2010 साली मांडलं होतं की आतली धाकधूक आपली आपल्याला जास्त कळते, पण ज्या गुणांत अब्रूचा प्रश्न असतो ते इतरांना जास्त अचूक दिसतात.) ‘दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडते’ याला मी स्वतःला पाचपैकी 2 दिले होते. त्याने 5. का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, “अगं ताई, परवाच तू...” मी म्हटलं, “परवाचं वेगळं होतं.” तो नुसता हसला आणि पेन खाली ठेवलं.

या सगळ्यात झोपेचं रडगाणं चालूच होतं. कामात मन रमत नव्हतं, जेवण नकोसं व्हायचं. तेव्हा पीएचक्यू-9 भरली, नैराश्याची चाहूल घेणारी प्रश्नावली. प्रश्न नऊ, प्रत्येक गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा, उत्तराला 0 ते 3 गुण. बेरीज 10 किंवा त्यावर गेली तर नीट तपासून घ्यावं, असा साधारण संकेत. ही निदान करत नाही, फक्त दार ठोठावते. (नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. माझं शून्य होतं.)

माझी बेरीज 9 आली. हुश्श केलं, तरी कागद डॉक्टरांकडे नेला. त्यांनी बेरीज पाहिलीच नाही. कागद खिडकीकडे धरला आणि तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं, झोपेच्या. “इथे काय खोडलंय?”

मी आधी ‘जवळजवळ रोज’वर खूण केली होती. मग खोडून ‘काही दिवस’. 3 चा 1. खोडाखोड केली नसती तर बेरीज 11 होत होती. हे मी कधी केलं तेसुद्धा मला धड आठवेना. प्रुफावर हात जातो तसा गेला असावा, खटकलं की दुरुस्त.

“झोप किती दिवसांपासून नाही?” त्यांनी विचारलं.

मी ‘तशी अधूनमधून’ म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

“चार महिने,” मी म्हटलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.