दुसरी अर्थिंग

मे महिन्यातली गोष्ट. वळवाच्या पावसात फांदी पडून 11 केव्ही फीडरच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या लाइनच्या, एका पोलावरचे जम्पर, दोन्हीकडच्या तारा जोडणारे तुकडे, तुटले. उपकेंद्रातून लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतलं, नंबर डायरीत लिहिला, लाइन तोडणारा पोलावरचा एबी स्विच उघडला, हँडलला कुलूप घातलं. नुसतं हँडल खाली आलं की लाइन बंद झाली असं समजणारे आमच्यात पुष्कळ आहेत, पण एखादं पातं गंजून चिकटून राहतं. म्हणून तिन्ही पाती खालून बघितली. व्होल्टेज टेस्टर चार महिने बंद आहे. मागणी करून थकलो.

पोलावर आमचा कंत्राटी मुलगा चढला, वय 23. तारांखालीच थांबून त्याने उपकेंद्राच्या बाजूला डिस्चार्ज रॉड लावले, म्हणजे तारा जमिनीला जोडल्या. हीच अर्थिंग. आधी क्लॅम्प अर्थच्या सळईला, मगच हूक तारेला, काढताना उलट. हा क्रम त्याच्या हातात मी बसवलाय, तो चुकत नाही.

मग पलीकडच्या बाजूलाही लावायला सांगितलं.

"काका, तिकडं नुसता मंगल कार्यालयाचा ट्रान्सफॉर्मर हाय. करंट यायचा कुठनं?"

"लाव."

हूक टेकला आणि चट्ट आवाज, निळा जाळ. वाऱ्यात इतका वेळ ऐकूच न आलेली जनरेटरची घरघर माळापलीकडे एकदम जड झाली आणि थांबली.

मंगल कार्यालयात लग्न होतं. लाइन नाहीतर जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नाही. वायरमनने जनरेटरच्या वायरी सरळ बोर्डात जोडलेल्या, मेन स्विच चालूच. जनरेटरचे 415 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढले की तारेवर 10 हजारांच्या वर जातात. एरवी सगळ्या गावाचा लोड अंगावर येऊन जनरेटर लगेच बसला असता. इथे जम्परच तुटलेले, म्हणून तो आरामात चालत होता.

मॅनेजर म्हणाला, "आमचं जनरेटर आमच्या हॉलपुरतं आहे." स्टेजवरच्या फुलांच्या पैशात असे कितीतरी स्विच आले असते. मुलाला त्याने पाणी दिलं. मुलाच्या हातातला तांब्या थरथरत होता.

झोपताना मला वेगळंच आठवतं. आमच्या गाडीत अर्थिंगचा एकच सेट असतो. त्या दिवशीचा दुसरा शेजारच्या सेक्शनवाल्यांचा, आदल्या दिवशी गाडीत राहून गेलेला. तो नसता तर "लाव" म्हणायला माझ्याकडे काय होतं? इतकी वर्षं एकाच बाजूला अर्थिंग करून माणसं वर पाठवली, ती मीच.

शेजारच्या सेक्शनवाल्यांचे सेटसाठी दोनदा फोन आले. तेही तिकडे पोलावर चढतातच. काल सेट देऊन आलो.