टाकेदकडचं गायरान आणि मुळं आभाळाकडे केलेली घाणेरी

मृगाचा पहिला पाऊस पडून चार दिवस झाले होते. शनिवारी रात्री फोन आला, "भाऊ, जमीन मऊ झालीय. उद्या येताय ना?" या फोनची मी वर्षभर वाट पाहत होतो.

पहाटे साडेपाचला नाशिक सोडलं. विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव करत ट्रकांच्या मागेमागे घोटी गाठली, टपरीवर चहा घेतला आणि सिन्नरच्या रस्त्याला लागलो. पुढे टाकेदकडे वळलं की रस्ता एकदम शांत होतो. उजव्या हाताला कळसूबाईची रांग, निम्मी ढगात. बांधाबांधावर भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन अजून दिसत होते. टाकेद जटायूच्या तीर्थामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. मला जायचं होतं त्याच्या पुढच्या एका वाडीवर. तिथल्या गायरानात गेल्या वर्षापासून आम्ही काही जण घाणेरी काढतोय.

घाणेरी म्हणजे टणटणी. गुलाबी-पिवळ्या फुलांचे झुबके आणि काळी टपोरी फळं. लहानपणी ती काळी फळं आम्ही वेचून खाल्ली आहेत (कच्ची हिरवी फळं मात्र विषारी, मुलांना सांभाळा). हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ते बागेतली शोभा म्हणून भारतात आणलं गेलं आणि बागेतून निसटून डोंगरच्या डोंगर व्यापत गेलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, बाजूचं गवत तेवढं ओरबाडून खातात. मोकळी झालेली ती जागाही घाणेरी घेते. टेकलेली फांदी मूळ धरते, आणि फळं खाऊन बुलबुल-साळुंक्या बिया लांबवर टाकून येतात.

वाडीवर पोहोचलो तेव्हा, ज्यांच्या घरी आम्ही जमतो ते बाबा गोठ्यात होते. त्यांच्याकडे तीन डांगी गायी आणि एक बैलजोडी. ही जात इथलीच, इगतपुरी-अकोले भागातल्या आणि डांगच्या पावसातली. कातडीतून तेलकट ओल सुटते, म्हणून अंगावर पडलेलं पाणी निथळून जातं. मी गायीच्या पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला खरंच तेलासारखं लागलं. काळे टणक खूर चिखलातही कुजत नाहीत. दरवर्षी राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे लोक कौतुकाने फोटो काढतात. पण हे जनावर चरून जगणारं आहे. त्याला कुरण हवं, आणि कुरणावर कुणी बोलत नाही.

"मी पोरगा होतो तेव्हा पार त्या टेकाडापर्यंत गवत," बाबा म्हणाले. "पवना कमरेला लागायचा. आता गुरं घेऊन गेलं तर पाय ठेवायला जागा नाही. आत बिबट्या बसला असला तरी कळायचं नाही."

दोन वर्षांपूर्वी उन्हाळा फार लांबला. शेजारच्यांची काळीपांढरी संकरित गाय कुंपणाशी बांधलेली असायची. चाऱ्याअभावी तिने कुंपणाची घाणेरी खाल्ली. चार दिवसांत डोळे पिवळे, खाणं बंद, आणि पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली. काळा भाग मात्र जसाच्या तसा. डॉक्टरांनी सांगितलं की घाणेरीचं विष यकृताला लागतं, मग शरीरात साचलेल्या द्रव्यामुळे पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही. गाय सावलीत बांधून वाचली, पण दूध आटलं ते आटलंच. त्या घरातल्या मावशी आज पहार घेऊन आमच्या आधी माळावर हजर होत्या.

गेल्या वर्षीची आमची चूक इथे लिहायलाच हवी. आम्ही उत्साहाने कोयत्यांनी वरवर कापत सुटलो. दिवसभरात मोठा पट्टा साफ झाला, आम्ही खूश झालो. दिवाळीला येऊन पाहिलं तर एकेका खुंटाला दहा-दहा कोंब, आणि मधल्या उघड्या जमिनीवर गाजरगवत आणि रानतुळस. आधीपेक्षा वाईट. खाली फक्त एक लहानसा तुकडा बाबांनी त्यांच्या पद्धतीने खणून काढला होता, तेवढाच स्वच्छ राहिला होता.

दिल्ली विद्यापीठाचे डॉ. सी. आर. बाबू यांनी हीच गोष्ट शास्त्राने मांडली आहे. घाणेरीला नवे कोंब येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून. म्हणून जमिनीखाली तीन-चार बोटं जाऊन, गाठीच्या खाली मुख्य मूळ तोडायचं, आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं. मुळं वर, फांद्या खाली. मूळ मातीला टेकलं नाही तर झुडूप पुन्हा धरत नाही.

सांगायला सोपं आहे. माझं पहिलं झुडूप उतरवायला पाऊण तास लागला. चौकोनी फांद्यांना उलटे बारीक काटे असतात, हात आत जातो तेव्हा कळत नाही, बाहेर काढताना ओरखडतात. पान चोळलं गेलं की तो उग्र वास दिवसभर बोटांना चिकटून राहतो. मी कोयत्याने वाट केली, बाबांनी पहारीने भोवतीची माती सैल केली. मूळ मनगटाएवढं जाड निघालं. कुदळीचे सहा-सात घाव घातले तेव्हा कुठे खाली पांढरं लाकूड उघडं पडलं. मग दोघांनी मिळून झुडूप उचललं आणि उलटं केलं. मुळांना लटकलेली लाल माती आमच्या अंगावर पडली. ही वाळलेली झुडपं वाया जात नाहीत, पुढच्या वर्षी राब भाजायला जातात.

दुपारपर्यंत अकरा माणसांनी अर्धा एकरही काढला नाही. मशीन आणलं तर तासात होईल, असं एक जण म्हणाला. पण मशीन वरची माती उलथवते, आणि मातीत जगून राहिलेले गवताचे ठोंब त्याबरोबर जातात. अमेरिकेत टेक्सासच्या पशुपालकांची डोकेदुखी म्हणजे मेस्किट नावाचं झाड, आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं नातेवाईक. तिथे दोन मोठ्या ट्रॅक्टरांमध्ये जहाजाची साखळी बांधून माळ खरवडतात. तरी कोंब फुटायच्या भागाखाली मूळ तोडलं नाही तर ते झाडही परत येतंच.

जेवण बाबांच्या घरी झालं, नागलीची भाकरी आणि ठेचा. लगेच मागच्या वर्षीचा तो लहान तुकडा पाहायला गेलो. त्यात गेल्या जूनमध्येच मारवेल गवताचे ठोंब लावले होते आणि पवन्याचं बी फेकलं होतं. त्यासाठी चार घरांनी अख्खा पावसाळा तिकडे गुरं सोडली नाहीत. हे लिहायला एक ओळ लागते, पण ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला रोज भारा आणावा लागतो. बी झडल्यावर, दिवाळीनंतर, विळ्याने कापून न्यायची सगळ्यांना मोकळीक दिली. आता जुन्या बुडख्यांतून हिरवी पाती वर आली होती, मध्ये कुसळी, डोंगरी. एक चंडोल उडाला, आणि तो उठला तिथे वाटीएवढं घरटं होतं. आम्ही मागे सरलो.

सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि पडीक दिसली की कुणाला तरी तिथे झाडं लावायची असतात. जवळच्या टेकडीवर कधीकाळी गिरिपुष्प लावलंय, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. त्याखाली गवत नाही आणि गुरंही तिकडे फिरकत नाहीत. झाडं मलाही प्रिय आहेत, पण माळ हा माळ म्हणूनच भरलेला असतो, त्याला हिरवा करायची गरज नसते. हे मला फार मनापासून वाटतं.

चार वाजता बाबांनी एका गायीला त्या तुकड्याच्या कडेला आणलं, दाव्याला धरूनच. तिने जीभ बाहेर काढली, पात्यांच्या झुबक्याला वेढा घातला आणि ओढलं. गवत तुटण्याचा तो करकर आवाज. बाबा काही बोलले नाहीत, पाच-सहा घास होऊ दिले आणि तिला मागे वळवलं.

निघताना जांभळाच्या झाडाखाली मावशींनी थांबवलं. बोटभर उंचीची घाणेरीची रोपं, शंभर तरी असतील. वर फांदीवर बुलबुल. ही आत्ताच दोन बोटांनी निघतात, वर्षभराने पहार लागते. अंधार पडेपर्यंत तीच उपटत बसलो.

एकदा आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वाडीवर कुणाला फुरसत नसते. म्हणून पुढची खेप पोळ्याच्या आधीच्या रविवारी ठरली आहे, फक्त रोपं उपटायला. यायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे आणा. पहारी तिथे आहेत.