वरच्या मजल्याचा किराया अन् भिंतीवरचा थर्मामीटर

जानेवारीत भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये किरायानं राहतो. पाहते तर पोरगा घरातच टोपी-स्वेटर घालून पांघरुणात बसलेला. म्हटलं काहून रे, बरं नाही का, तर म्हणे मावशी, दोन दिवसांपासून घर गरम करणारा रेडिएटर थंडा पडला आहे, घरात 59 दाखवून राहिलं आहे. 59 फॅरनहाइट म्हणजे आपले 15. आपल्या नागपुरात डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 वर गेला होता, तेव्हा आम्हीही असेच कुडकुडत बसलो होतो, पण घरमालकाला फोन करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, थंडी म्हणजे आपली आपण पाहायची, रजया काढायच्या अन् दुपारी गच्चीवर उन्हात बसायचं.

त्यानं मात्र फोन केला. आधी मालकाला, मग 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला. तिथं शहराचा नियमच आहे, 1 ऑक्टोबर ते 31 मे हा हीटचा सीझन, सकाळी 6 ते रात्री 10 या वेळात बाहेर 55 फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात कमीत कमी 68 पाहिजे म्हणजे आपले 20, अन् रात्री 10 नंतर सकाळपर्यंत बाहेर काहीही असो, घरात 62 पाहिजे, म्हणजे जवळपास 17. गरम पाणी तर बारा महिने द्यायचं. अशा जुन्या बिल्डिंगमध्ये बॉयलर तळघरात असतो, मालकाच्या ताब्यात, राहणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, म्हणून जबाबदारीही मालकाचीच. इन्स्पेक्टर येऊन मोजतो, कमी भरलं तर ते सगळ्यात धोक्याच्या वर्गात नोंदवतात, मालकानं 24 तासांत नीट करायचं, नाही केलं तर शहर स्वतः माणूस लावून करू शकतं अन् बिल मालकाच्या नावानं. मी म्हटलं तोवर हीटर घेऊन टाक ना, तर म्हणे इथं लोक घाबरतात, 9 जानेवारी 2022 ला ब्रॉन्क्समध्ये बिघडलेल्या इलेक्ट्रिक हीटरनं आग लागली अन् धुरानं 17 जण गेले.

हे ऐकून मला आमचा मे महिनाच आठवला.

आम्ही मानेवाड्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. ज्या शहरात 23 मे 2013 ला 47.9 झालं होतं तिथं स्लॅबखाली राहणं काय असतं हे राहणाऱ्यालाच कळतं, दिवसभर सिमेंट तापतं अन् रात्री ती सगळी धग खाली सोडतं, गादी गरम, उशी गरम, नळाचं पाणी पोळतं. आई 74 वर्षांची आहे. मागच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, घरमालकांनी दुपारी टाकीचा कॉकच बंद केला, का तर म्हणे तुमचा कूलर पाणी फार पितो. दोन दिवस कूलर कोरडा. दुसऱ्या दिवशी आईला भोवळ आली, ओल्या चादरी गुंडाळून तिला खालच्या काकूंकडे नेऊन बसवलं. ते दोन दिवस मी विसरणार नाही.

नंतर मी कायदा वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29. पुरेसं कारण नसताना घरमालकाला भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडता येत नाही, त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट अन् साफसफाई येते, कोर्ट तो पुन्हा सुरू करायला लावू शकतं. म्हणजे पाण्याचं नाव आहे, पण घर किती तापलं तर ते राहण्यालायक नाही, असा आकडा त्यात नाही. न्यूयॉर्कचा आकडा तिथल्या थंडीसाठी आहे, तसा आपल्याला उन्हाळ्यासाठी पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आकडा असला की 'तुम्हालाच गरम होते का' हे ऐकावं लागत नाही, थर्मामीटर दाखवता येतो.

अन् आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हातात 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा कागद असतो, त्यात कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो, म्हणजे फक्त राहायची परवानगी असलेला. मग कागदात जे लिहिलं तेच आपलं. कलम 55 म्हणते की हा कागद लेखी अन् रजिस्टर्ड पाहिजे, रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची, अन् नसेल केला तर वाद झाल्यावर राहणारा ज्या अटी सांगेल त्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मला एवढी वर्षं किरायानं राहून माहीत नव्हतं.

मार्चमध्ये थर्मामीटर आणून आईच्या पलंगाजवळच्या भिंतीला लावला, रात्री 11 ला पाहते अन् वहीत लिहिते. काल 36 होतं. आमचा कागद जूनमध्ये संपतो, पण मी वही घेऊन आत्ताच घरमालक काकांकडे गेले, म्हटलं नवीन कागदात तीन ओळी पाहिजेत, दरवर्षी मार्चमध्ये गच्चीला चुना तुम्ही मारून द्यायचा, कूलरला पाणी बंद करायचं नाही, अन् खिडकीला कूलरचा स्टँड लावू द्यायचा. पाण्यावर ते हो म्हणाले, स्टँडवरही. चुन्याचं पाहू म्हणाले, तर मी वही उघडून सगळे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. ते बराच वेळ पाहत होते. रविवारी चुनेवाला येतो आहे.