अर्धी ऊर्जा गेली कुठे?

खिळ्याला एक मऊ स्प्रिंग टांगली, खालच्या आकड्यात 100 ग्रॅमचं वजन अडकवलं आणि हाताने अलगद खाली सोडत आणलं. साधारण 10 सेंटीमीटर ताणून स्प्रिंग थांबली. हात काढला तरी वजन जागचं हलेना. मग तेच वजन स्प्रिंग सैल होईपर्यंत वर उचललं आणि हात एकदम काढून घेतला. आता 10 वर थांबेल तर शपथ! तडक 20 सेंटीमीटरपर्यंत गेलं, क्षणभर घुटमळलं आणि परत वर.

वजन तेच, स्प्रिंग तीच. मग मघाशी एवढं शहाण्यासारखं कसं वागलं?

शाळेत आम्हाला कायम आडवी स्प्रिंग भेटली. तिथे ऊर्जेची ये-जा ताण आणि वेग या दोघांतच. स्प्रिंग उभी टांगली की गुरुत्वाकर्षणही खेळात उतरतं. पहिले 10 सेंटीमीटर उतरताना वजनाची सुमारे 0.1 जूल स्थितिज ऊर्जा कमी होते, पण स्प्रिंगमध्ये साठते निम्मीच, 0.05. उरलेली वेगात असते. इथेच वजन सर्वांत जोरात पळतं, सेकंदाला जवळजवळ 1 मीटर. थांबणार कसं?

पुढचं गणित हूकच्या नियमाचं: जेवढा ताण, तेवढा जोर. (या गृहस्थाने 1676 साली हा नियम अक्षरं उलटसुलट करून, कोड्यासारखा छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला. असला उद्योग मला फार आवडतो.) ताण दुप्पट झाला की साठलेली ऊर्जा चौपट, म्हणून 20 वर पूर्ण 0.2 जूल स्प्रिंगच्या पोटात. वेग शून्य, पण विसावा कसला! स्प्रिंग वजनाच्या दुप्पट जोराने वर खेचत असते.

आणि पहिल्या वेळचा तो निम्मा वाटा? तो माझ्या हाताने घेतला. मला वाटत होतं, मी वजन उतरवतोय. खरं तर तेच माझ्या हातावर काम करत होतं.

दुसऱ्या वेळी मी मध्ये पडलो नाही. वजन वरखाली होत राहिलं, झोके आखडत गेले आणि शेवटी स्वारी 10 वरच येऊन थांबली. म्हणजे ते 0.05 जूल याही वेळी गेलेच, हवेत आणि तारेच्या उष्णतेत. स्प्रिंगला बोट लावून पाहिलं. गरम-बिरम काही लागली नाही.