बडोद्यावरचे इंग्रजी परिच्छेद : पॅसिव्हची नोंद

सरावाचा मजकूर सध्या लक्ष्मी विलास राजवाडा आणि सयाजीराव महाराज. पॅसिव्ह, म्हणजे कर्म उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणणारी रचना, ओळखणं बऱ्यापैकी बसलं आहे : 'बी'चं रूप (इज, वॉज वगैरे) आणि पुढे पास्ट पार्टिसिपल (क्रियापदाचं तिसरं रूप), दोन्ही हवीत. 'वॉज बिल्ट' पॅसिव्ह, 'वॉज बिल्डिंग' ॲक्टिव्ह. नुसतं 'वॉज' दिसताच खूण करणं सोडायचं. 'द गेट वॉज क्लोज्ड' मात्र दोन्हीकडे झुकतं. पुढे 'बाय द गार्ड' आलं तर क्रिया, 'ऑल डे' आलं तर नुसती स्थिती.

मराठी माध्यमवाल्यांचा खरा गोंधळ वेगळाच आहे. 'सयाजीरावांनी राजवाडा बांधला' हा शाळेत कर्मणी प्रयोग, म्हणून इंग्रजीतही पॅसिव्ह लिहिलं जातं. पण मराठीत तो निकाल क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं यावर लागतो : राजवाडा बांधला, शाळा बांधली. इंग्रजीत 'सयाजीराव बिल्ट द पॅलेस' सरळ ॲक्टिव्हच. 'बांधला गेला' असं म्हणायचं असेल तरच 'वॉज बिल्ट'.

'वॉज हॅपन्ड' आणि 'इज कन्सिस्टेड ऑफ' अजून अधूनमधून सापडतात. या क्रियापदांना कर्मच नाही, मग उचलून पुढे आणणार काय?

आता वापर. राजवाड्याच्या परिच्छेदात आधी मँट, मग चिझम हे त्याचे वास्तुविशारद, असा दर वाक्याला नवा कर्ता येत होता आणि राजवाडा मागे पडत होता. दुरुस्ती अशी : 'द पॅलेस वॉज डिझाइन्ड बाय चार्ल्स मँट. आफ्टर हिज डेथ इन 1881, द वर्क वॉज टेकन ओव्हर बाय रॉबर्ट चिझम.' विषय जागेवर राहतो, नवं नाव वाक्याच्या शेवटी ठसठशीत येतं. इथे पॅसिव्हच हवा, 'पॅसिव्ह टाळा' हा सरसकट सल्ला ऐकू नये.

सयाजीरावांच्या परिच्छेदात उलटं. 'इन 1906, प्रायमरी एज्युकेशन वॉज मेड कम्पल्सरी' लिहिलं की ज्यांच्याबद्दल लिहितो आहोत तेच गायब होतात. तिथे 'सयाजीराव मेड प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी थ्रूआउट द स्टेट इन 1906'.

'बाय पीपल', 'बाय देम' सरळ खोडावं. पुढच्या खेपेला दुरुस्तीकामाची वाक्यं : 'इज बीइंग रिपेअर्ड' म्हणजे काम चालू, 'हॅज बीन रिपेअर्ड' म्हणजे झालेलं. यातलं 'बीइंग' आणि 'बीन' लिहिताना अजून अदलाबदल होते.